भिंतीआडचे ठोके

कपातल्या चहावर एक वर्तुळ उमटलं, काठापर्यंत पसरलं आणि विरलं. टेबलाला कोणाचाही हात लागलेला नव्हता. विज्ञानाच्या बाई कपाकडे बघत राहिल्या. पाठोपाठ आवाज आला. ठक्.

वाचनालयातलं वाचक मंडळ त्या संध्याकाळी एका जुन्या भयकादंबरीवर बोलायला जमलं होतं. तिच्यात हवेलीचा मालक सख्ख्या भावाला जिवंतपणी भिंतीआड चिणतो. घरातली माणसं आतले ठोके ऐकतात आणि मुकाट जेवत राहतात. कादंबरी निवडली होती ग्रंथपालांनी. पण त्यांचा घसा पार बसला होता, तेव्हा ते येणार नाहीत असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाईंना तर हायसंच वाटलं होतं. उन्हाळ्यात ग्रंथपालांनी त्यांना लग्नाचं विचारलं होतं. "विचार करून सांगते," म्हणता म्हणता थंडी आली, आणि येत्या सोमवारी ते बदलीच्या गावी निघणार होते.

"खरा पापी मालकच," वकीलकाका म्हणाले. "पुरावा सरळ आहे."

"अहो, त्याचं तर डोकंच फिरलेलं!" शिवणकाम करणाऱ्या काकू उसळल्या. "मी म्हणते, ती घर सांभाळणारी बया! रोज ठोके ऐकते नि चुलीवरचं ढवळत बसते. बाई म्हणायची का कैदाशीण?"

ठक्. ठक्.

दिवा किंचित मंदावला.

"काका, काही ऐकलंत?"

"छे! तुम्ही?"

"मला मेलीला काय ऐकू येतंय!"

"मी तर काहीच ऐकलं नाही," फोटोग्राफर कोणी न विचारताच म्हणाला आणि त्याने पाय खुर्चीवर घेतले. मागच्या बैठकीत तो मांजराला घाबरला होता. तेव्हापासून त्याला 'भागूबाई' हेच नाव पडलं होतं. आज जीव गेला तरी ठोके ऐकल्याचं आधी कोणी कबूल करणार नव्हतं.

बाईंच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. बोलणं चालू असलं की ठोके थांबत; सगळे गप्प झाले की येत. म्हणजे भिंतीआड जे काही होतं, ते ऐकत होतं. त्यांच्या मानेवर काटा आला. मग नजर खुंटीकडे गेली. तिथे ग्रंथपालांचा मफलर लोंबत होता. आणि आल्या आल्या भिंतीपलीकडच्या जुन्या पुस्तकांच्या कोठीचं दार उघडं दिसलं म्हणून, सवयीने, त्यांनीच कडी घातली होती.

"काकू, ती बया गुन्हेगार, नक्की ना?"

"शंभर टक्के!"

बाई उठल्या. कडी काढली. दारात डोक्यापासून पायापर्यंत पांढरी आकृती उभी होती. भागूबाई टेबलाखाली गेला, वकीलकाका काकूंच्या मागे.

आकृतीने अंगावरची धूळ झटकली. "चर्चेत मध्ये बोलायचं नाही," घोगरा, फाटका आवाज आला, "असा आपला नियम आहे ना? म्हणून मधल्या वेळात ठोकत होतो."

"कडी कोणी लावली?" काकूंच्या खांद्याआडून काकांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "आणि ऐकूनही गप्प बसले, ती पण मीच. उन्हाळ्यापासून."

"अगं बाई! उन्हाळ्यापासून कोंडलंत यांना?"

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी ग्रंथपालांच्या भुवईवरचं जाळं बोटाने अलगद काढलं.

"त्या गावात शाळा असेलच ना एखादी?" त्या म्हणाल्या. "आपण लग्न करू या."