सासूबाईंचा तारकागुच्छ

ऑफिसात साहेबांनी सहज विचारलं, "काय हो, त्या तुमच्या दुर्बिणीतून काही दिसतं का?" आणि मी सहज बोलून गेलो, "सोमवारी गोलाकार तारकागुच्छाचा फोटोच आणतो की!" (मोठी संकटं मी नेहमी सहजच ओढवून घेतो; ठरवून काही करायला गेलो की जमत नाही.)

लाखो ताऱ्यांचा हा चेंडू फोटोत पकडायचा, तर दुर्बिणीला ताऱ्यांच्या मागेमागे हळूहळू फिरावं लागतं. त्यासाठी तिच्या बुडाशी मोटर असते. शनिवारी जेवणं आटोपून मी गच्चीवर चाळीस फोटो काढले. पहिला काळाकुट्ट आला, कारण झाकण काढायचं राहिलं होतं. बाकी एकोणचाळिसांत ताऱ्यांऐवजी नुसत्या रेघोट्या.

मोटरची कुरकुर ऐकून सासूबाई वर आल्या. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलंय.

"जावईबापू, दात अडकतोय."

"माझा?" मी गाल चाचपला.

"मोटरच्या चाकाचा!"

शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब त्यांनी नेमका सोडला. कुरकुर बंद! मग सुईत दोरा ओवताना रोखतात तसा श्वास रोखून त्यांनी फोकसची चकती केसभर फिरवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा धुरकट ठिपका आक्रसत गेला आणि त्यातून एकेक तारा सुटा होऊ लागला. मी थक्क! या हातांना मी आजवर फक्त माझ्या पँट आखूड करायला लावलं होतं.

तरीही फोटो हललाच. सासूबाईंपाठोपाठ वर आलेली बायको एवढा वेळ माझ्याकडे बघत होती. "अहो, तुमच्या येरझाऱ्या थांबवा. पावलागणिक दुर्बीण हादरतेय."

"मग मी काय करू?"

"खाली जा."

तासभर मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. हाक आली तेव्हा पडद्यावर तारकागुच्छ झगमगत होता. मधे दाट, कडेला विरळ होत गेलेला. सासूबाई चष्मा पुसत हळूच म्हणाल्या, "जन्मभर टिकल्या शिवल्या मी. पण असं भरतकाम नाही हो जमलं."

सोमवारी फोटोभोवती सगळं ऑफिस गोळा झालं.

"तुम्ही काढलात?" साहेब.

"सासूबाईंनी," मी खरं ते सांगितलं.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी... जिन्यात बसलो होतो. म्हणून तर फोटो नीट आला."

साहेबांचा चेहरा खुलला. "वा! उद्या वरचे साहेब तपासणीला येतायत. इथेही तेवढंच करा!"