तात्या तेव्हा कामावर होता का?

किहीमच्या ज्या बंगल्याचा मी कारभारी आहे, तिथल्या माडांवर चढायला तात्या येतो. म्हणजे यायचा. पाय वर टाकण्याआधी तो खोडावर थाप मारून विचारायचा, "कसा हायस? चढू ना?" आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. माणसांची विचारपूस मात्र त्याला जमत नसे. मी तापाने फणफणलो तेव्हा खिडकीतून डोकावून म्हणाला, "झोपलायस व्हय? झोप, जागेपनी तरी काय करतोस!"

हे अगदीच खोटं नव्हतं. जेवण झालं की बागेत खुर्ची टाकून तोंडावर पेपर घेणे, हे माझं मुख्य काम. "खुर्ची हलव, डोसक्यात नारल पडंल," तात्या रोज ओरडायचा.

"नारळाला डोळे असतात, तात्या."

"नारलाला हायत रं, तुला कुठं हायत?"

एके दुपारी मी धप्पकन आवाज ऐकून जागा झालो. नारळ नव्हता, तात्या पडला होता. कंबरेचं हाड मोडलं. माड कायमचे बंद झाले, पोटाचा प्रश्न उभा राहिला. भरपाई मागितली तर मुंबईचे मालक म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत, कुणी न सांगता चढला. तो कामावर नव्हताच."

माझ्या अंगात वकील संचारला. मालकाचं मीठ खाऊनही मी तात्याच्या बाजूने उभा राहिलो, आणि याचं मला भारी कौतुक! अलिबागला कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणीला इस्त्रीचा सदरा घालून गेलो. "साहेब, जेवणाची सुट्टी ही कामाच्या ओघातच..." इतक्यात साहेबांनी मला हातानेच खाली बसवलं.

"तात्या, सुट्टीत कशाला चढलात?"

तात्याने आधी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग माझ्याकडे हनुवटी केली. "ह्याच्यासाठी. सुका नारल सुटायला आल्ता, खाली ह्यो घोरत व्हता. उठवला तर भांडतो."

एवढं भाषण पाठ करून गेलेला मी, सदऱ्याचं बटण चाचपत राहिलो.

साहेब म्हणाले, "म्हणजे मालकाच्या बागेत मालकाच्या माणसाला धोका होता, म्हणून चढलात. ते कामच झालं. तसं लिहू?"

नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. मी मनात देव पाण्यात घालून बसलो.

"न्हाय साहेब," तात्या म्हणाला. "कामाचं मी कामाच्या टायमाला करतो. ह्यो माझा मैतर हाय."

झालं! मी कपाळाला हात लावला. साहेबांनी समोरचा कागद जवळ ओढला. मग म्हणाले, "मैतर तुमचा, पण माड मालकाचाच ना?" आणि तात्या भरपाईला पात्र असल्याचं लिहायला सांगितलं.

मला रडू आवरेना. इतकी वर्षं या माणसाबरोबर डबा खाल्ला, आणि मी त्याचा मित्र आहे हे मला सरकारी कचेरीत कळलं.

तात्या मात्र पायरीवर फुरंगटून बसला होता.

"कामात धरलं रं त्यांनी," तो म्हणाला. "तुझ्यासाठी चढलो व्हतो, तसं लिवायला काय झाल्तं?"