उमाच्या नावापुढचा बदाम

रविवारी सकाळी साडेआठला वीज आली आणि पितांबरने आधी प्रिंटरचं बटण दाबलं. दहा वाजता धुळ्याच्या मंगल कार्यालयात समाजाचा वधू-वर मेळावा भरायचा होता. दोनशे बारा मुलामुलींची यादी मात्र अजून कॉम्प्युटरच्या पोटातच होती. शुक्रवारपासून वीज नव्हती. दोन दिवस पितांबर गल्ली नंबर चारमधल्या आपल्या क्लासच्या पायऱ्यांवर येरझाऱ्या घालत होता.

क्लास त्याचा आणि गिरधरचा, भागीदारीतला. त्र्याण्णव साली धुळ्यात कॉम्प्युटर शिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे यादीचं काम यांच्याकडेच आलं. मुलांची माहिती भरायचा भाग गिरधरने लिहिला, कारण त्याला पास्कल ही कॉम्प्युटरची भाषा येत होती. वयाप्रमाणे क्रम लावणारा तुकडा क्लासवर शिकवणाऱ्या पंडित सरांनी आधीच बेसिकमध्ये करून ठेवला होता. छपाई पितांबरकडे, आणि पितांबर सी सोडून दुसऱ्या भाषेला हात लावत नसे.

"तीन भाषा एकाच कामात चालतील का?" गिरधरने एकदा विचारलं होतं. तो दिवसाकाठी चार-पाच वाक्यं बोलायचा, त्यातलं हे एक.

"फाइल एकच आहे ना? मग झालं तर!" पितांबर म्हणाला होता.

तिन्ही भाग आपापल्या जागी उत्तम चालत होते. एकत्र चालवून बघायला मात्र वीजच नव्हती.

प्रिंटर खरखरू लागला. कल्पनाचं नाव येताच त्याने टीं करून शिट्टी मारली. ज्ञानेश्वरीचं नाव आलं तसा अख्खा कागद बाहेर भिरकावला. चंद्रशेखर तर असा रुंद छापला गेला, की एकट्यानेच अर्धी ओळ अडवली. आणि इंग्रजी अक्षरांत छापलेल्या बऱ्याच नावांच्या पुढे पत्त्यांची चित्रं उमटत होती. कुठे बदाम, कुठे चौकट, कुठे किलवर, कुठे इस्पिक.

"गिरधर, हे काय?"

गिरधर वाकून कागदाकडे बघत राहिला. त्याने तोंड उघडायच्या आत खाली जीपचा हॉर्न वाजला आणि मेळाव्याचे अध्यक्ष झुलालनाना धापा टाकत वर आले.

"पितांबर, बठ्ठा लोके येई ग्यात! यादी कोठे शे?" त्यांनी कागद ओढून घेतले. "आनि हाई काय शे? पत्ता?"

पितांबरच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "नक्षी आहे, नाना. शोभेला."

"भारी शे!" म्हणत नाना झेरॉक्सच्या दुकानाकडे पळाले.

ते गेल्यावर गिरधर हळूच म्हणाला, "पास्कल नावाच्या आधी एक आकडा ठेवतं, नावात किती इंग्रजी अक्षरं आहेत त्याचा. तुझ्या सीला ते माहीत नाही. तो आकडाही त्याने अक्षर समजून छापला. तीनला बदाम, चारला चौकट, पाचला किलवर, सहाला इस्पिक. सातला शिट्टी, बाराला नवा कागद, चौदाला रुंद अक्षरं."

"हे आधी सांगायचं होतंस!"

"तू विचारलं नाहीस."

दोघे सायकलवरून डबलसीट कार्यालयात पोचले, तोवर यादी ज्याच्या त्याच्या मांडीवर उघडली होती. ही नुसती नक्षी आहे यावर कोणाचाही विश्वास नव्हता. यादीतल्या अशोकच्या वडिलांनी त्याच्या नावापुढच्या किलवरच्या तीन पाकळ्यांचा अर्थ तीन विहिरींची बागायत असा लावला होता आणि ते मिशीला पीळ देत बसले होते. सुनीताचे वडील रुपचंदभाऊ पितांबरची वाटच बघत होते.

"माझ्या पोरीला मंगळ आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"मंगळ? भाऊ, मी कुठे..."

"मग हे काळं इस्पिक कशाचं? तिघांनी मघाशी आमच्याकडे पाठ फिरवली!"

पितांबरने घाम पुसला. यादी मागे घ्यावी, तर दोनशे प्रती वाटून झालेल्या. खुलासा करावा, तर नक्षी म्हणून खोटं बोललेलं उघडं पडणार. तो माइककडे दोन पावलं टाकायचा आणि तीन मागे यायचा. तेवढ्यात बायकांच्या बाजूला गलका उठला.

नानांची मुलगी उमा उभी होती. तिच्या नावापुढे टपोरा बदाम होता, आणि त्याचा अर्थ कोणालाही विचारावा लागला नव्हता.

"उमा," नाना यादी तिच्यापुढे धरत म्हणाले, "लोके म्हंतस, हाई पोर आधीच कोठेतरी गुतेल शे. सांग बठ्ठासले, की हाई खोटं शे."

उमाने यादीकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या गिरधरकडे. तिचा चेहरा एकदम उजळला.

"खोटं नाही, बाबा. यादी त्यांनीच भरली ना? दोन वर्षं मी म्हणतेय, बाबांना सांगा, सांगा. तोंडाने जमलं नाही, तर असं सांगितलं."

सगळ्या माना गिरधरकडे वळल्या. या दोघांचं पितांबरलाही ठाऊक नव्हतं. खुलासा केला तर उमाचं भर सभेत हसं होणार. न करावा, तर सुनीताचा मंगळ कायमचा चिकटणार. शेवटी रुपचंदभाऊंनीच त्याला दंडाला धरून माइकपुढे नेलं, आणि अक्षरांचा आकडा, पास्कल, सी, सगळं तो एका दमात बोलून गेला. उमाकडे बघायचं त्याने टाळलं.

रुपचंदभाऊंनी बोटांवर सुनीताची इंग्रजी अक्षरं मोजली. सहा भरली, तसे ते खाली बसले. अशोकच्या वडिलांची मिशी उतरली.

नाना सावकाश गिरधरपुढे येऊन उभे राहिले. "मंग हाऊ बदाम चुकीना शे?"

उमाने मान खाली घातली. ते बघून गिरधर पुढे आला.

"बदाम चुकून छापला गेला, नाना," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "मी छापायला धजलो नसतो. पण उमा म्हणाली ते खरं आहे. मला उमाशी लग्न करायचं आहे. आज विचारतो."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, मग ते बायकांत बसलेल्या गिरधरच्या आईकडे, तानुबाईंकडे वळले.

"अक्का, तुले ठाऊक व्हतं?"

"दोन वरीसपाईन ठाऊक शे," तानुबाई शांतपणे म्हणाल्या. "मन्हा आंडोर गिरधर बोलस नही, आनि तू कोनले बोलू देस नही."

नाना मिळेल त्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. समोर तीन तालुक्यांतून आलेला समाज, दारात सजवलेली कमान, मागे जेवणाची पातेली. ते सगळं एकदा नजरेखालून घालून ते हताशपणे म्हणाले,

"मंग मी हाऊ मेळावा कसाले भराडा?"