खिशातल्या सासूबाई

दुपारी दीड वाजता सासूबाईंची अंगाई पुन्हा अडकली. म्हणजे सासूबाई नव्हेत, त्या समोर बसून मटार सोलत होत्या. अडकली होती ती फोनमधली अंगाई. सुनेने ते पान मिटलं, ॲपमधल्या दुसऱ्या पानावर गेली, तरी फोन आपला गातोच आहे.

बाळंतपणाच्या रजेनंतरचं तिचं हे पहिलं काम. लहान मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंना आपल्याकडे येणाऱ्या आयांसाठी ॲप हवं होतं. पान उघडलं की अंगाई सुरू, मिटलं की बंद, एवढंच. आवाज सासूबाईंचा, कारण घरातलं सात महिन्यांचं बाळ दुसऱ्या कुणाला दाद देत नसे. चार वाजता डॉक्टरीणबाई व्हिडिओ कॉलवर ॲप बघणार होत्या. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला देऊ, तू निवांत बाळाकडे बघ, असं ऑफिसातले साहेब मायेने म्हणाले होते. रागावून म्हणाले असते तर तिला इतकी धडकी भरली नसती.

ॲपमध्ये एक मोठं पान होतं, त्याच्या पोटात एक छोटं पान, आणि अंगाई त्या छोट्याकडे. सकाळपासून ती आवाजाचा कोड उसवून बघत होती. त्यात काही म्हणजे काही चूक नव्हती.

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. चाचणीसाठी त्यांच्या फोनवरही तिने हेच ॲप घातलं होतं, आणि ते दाढी करायला न्हाव्याकडे गेले होते.

"अगं, तुझ्या सासूबाई माझ्या खिशात गातायत."

"बंद करा ना बाबा."

"चाळीस वर्षांत मला जमलं नाही, आता काय जमणार? इथे शेजारचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत पेंगायला लागलंय."

फोनच बंद करा, असं सांगून तिने कपाळाला हात लावला. मग आत जाऊन बाळाला थोपटलं आणि चवड्यांवर चालत खोलीबाहेर आली. खुर्चीत टेकते न टेकते तोच आतून टाहो. परत गेली, परत थोपटलं, परत चवडे, परत टाहो. तिसऱ्या खेपेला सासूबाई मटार ठेवून उठल्या.

"चोरासारखी काय जातेस? त्याला सांगून जा."

"आई, त्याला काय कळणार?"

"तुला कळतं ना, मग सांग. मी कचरा टाकायला गेले तरी सांगून जाते."

त्यांनी बाळाला कडेवर घेतलं आणि आई कामाला जातेय, तिथेच आहे, झालं की येतेय, असं सगळं सविस्तर सांगितलं. बाळाने हुंदका गिळला आणि आजीच्या बांगड्या मोजायला घेतल्या.

सून टेबलाशी आली आणि उभीच राहिली. मोठं पान निघून जातं, पण पोटातल्या छोट्याला कुणी सांगतच नव्हतं. सांगणार तरी कसं? तिने छोटं पान मोठ्याच्या मांडीवर बसवलं होतं, पण हे त्याचं मूल आहे अशी कोडमध्ये नोंदच केली नव्हती. मोठं पान आलं-गेलं की फोन त्याला कळवायचा. छोट्याचा फोनला पत्ताच नव्हता. सुरू होण्यापुरती 'आलो बरं का' अशी एक ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहून वेळ मारून नेली होती. सात महिन्यांच्या आईने मुलाची नोंद विसरावी! तिने ती नोंद केली. चारला पाच मिनिटं होती.

चार वाजता डॉक्टरीणबाईंसमोर तिने पान उघडलं. दोन सासूबाई गाऊ लागल्या, दुसरी अर्धी ओळ मागे.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "या दोघी कोण?"

या गोंधळाने नुकतंच निजलेलं बाळ जागं झालं आणि सासूबाई आत धावल्या. पण धागा आता सुनेच्या हाती आला होता. नोंद झाल्यावर फोन छोट्याला आपणहून कळवत होता, आणि तिची ती जुनी ओळही कळवत होती. दोन मिनिटं मागून घेऊन तिने ओळ खोडली. पान उघडलं, एकच सासूबाई. मिटलं, शांत.

आणि त्या शांततेत अंगाई चालूच राहिली.

"अजून बंद नाही झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्या खऱ्या आहेत, आतल्या खोलीतल्या," सून म्हणाली. "त्या बंद होत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी कडवं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, सोमवारपासून सगळ्या आयांना द्या, आणि पुढचं कामही तुम्हीच करा.

फोन ठेवल्यावर सुनेने ॲपच्या शेवटच्या पानावर एक ओळ घातली : 'सांगून जाणाऱ्या आजींचे आभार.' सासूबाईंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, अक्षरं बारीक आहेत म्हणाल्या आणि राहिलेले मटार सोलायला बसल्या.

संध्याकाळी सासरे फिरायला निघाले तेव्हा तिने त्यांचा फोन मागितला. "द्या बाबा, दुरुस्त ॲप घालते. यातली अंगाई थांबत नाही."

सासऱ्यांनी फोन खिशात आणखी खोल सारला, स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "राहू दे गं. चाळीस वर्षांत मला कधी गाऊन दाखवलं नाही तिने."

चपला सरकवून ते दाराबाहेर पडले. "अहो, सांगून जात जा," आतून सासूबाई म्हणाल्या. त्यांचाच आवाज अंगाई गात जिना उतरत गेला.