इंजिनात अडकलेली खुर्ची

आपली कात्री एकवेळ चुकेल, पण माप चुकणार नाही, असं टेलरमास्तर रोज म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत नसत, ते सोडा! म्हणूनच सासऱ्यांना जुन्या रेल्वेच्या संग्रहालयात न्यायचं ठरलं, तेव्हा मास्तर आठवडाभर आधीच टेप घेऊन तिथे जाऊन आले. फाटक मोजलं, लाकडी उतार मोजला, इंजिनाचं दार तर दोनदा मोजलं. व्हीलचेअर दोन्हीकडे दोन-दोन बोटं सोडून आत जाणार होती. अगदी अंगाबरोबर बसेल, असं त्यांनी बायकोला बजावून सांगितलं.

सासरे तीस वर्षं इंजिन ड्रायव्हर होते. गुडघे गेले, तरी जेवताजेवता त्यांचा उजवा हात अजून शिट्टीची दोरी शोधायचा. आपल्या त्या काळ्या इंजिनात एकदा जाऊन यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. रखवालदारानं पंधरा मिनिटं दिली.

खुर्ची उतारावरून चढली आणि दारात अलगद शिरली. आत जागा लहान, त्यामुळे मागची चाकं दारातच राहिली. सासऱ्यांनी जुन्या दांड्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मास्तरांनाही राहवेना, म्हणून ते तोंड फिरवून टेप गुंडाळत बसले.

वेळ संपला. मास्तरांनी खुर्ची ओढली. ढिम्म! रखवालदारानं जोर लावला, मग बागेतल्या माळ्यानं. मागे रांग लागली. दार अरुंद पडतंय, असं रखवालदारानं जाहीर केलं. मास्तरांनी पुन्हा टेप लावला, पण घामानं आकडेच दिसेनात. सासरे मात्र मजेत होते. चढावर वाफ कशी राखायची, ते रांगेतल्या लोकांना समजावत होते.

तासाभरानं मास्तरांनी मान खाली घातली.

"बाबा, माझं माप चुकलं."

उताराशी उभ्या असलेल्या बायकोनं लग्नानंतर हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

सासऱ्यांना जावयाची दया आली. त्यांनी वाकून चाकाजवळची खिटी वर केली. खुर्ची सुळकन मागे आली आणि मास्तरांच्या पोटाला टेकून थांबली.

"माप बरोबर आहे, जावईबापू. गाडी थांबली की आधी ब्रेक लावायचा, ही आमची सवय."

"मग तासभर बोलला का नाहीत?"

"तुम्ही दाराला विचारलंत, उताराला विचारलंत, मला कुठे विचारलंत?" सासरे म्हणाले. "बाकी सगळं झकास बसलं हो. पंधरा मिनिटं तेवढी तंग होत होती, ती जरा उसवून घेतली."