हुस्नाबीला उचलता येईल असे यंत्र

राजूरहून वणीकडे येणाऱ्या रस्त्यावर आमच्या खात्याचे एक विश्रामगृह आहे. खात्याचे नाव सांगत नाही. मला अजून नोकरी करायची आहे. या विश्रामगृहात धूळ असते, ही गोष्ट खात्याने १९६१ साली तत्त्वतः मान्य केली. कोळशाचे ट्रक त्याआधीही दारावरून जात होते आणि खिडकीच्या फळीवर बोट फिरवले की काजळ लागत होते. पण मान्यता नसल्यामुळे ती धूळ खासगी समजली जाई.

ही खासगी धूळ हुस्नाबी काढायची, रोजंदारीवर. तिचा नवरा कोळशाच्या ट्रकवर होता. तो वारला, तेव्हापासून तिच्या हातात झाडू आणि तोंडात एकच मागणी, मले कायम करा. मी हेडक्लार्क असल्यामुळे ही मागणी माझ्या टेबलाशी येई. "होऊन जाईल," असे मी म्हणे. मी सगळ्यांनाच तसे म्हणतो. त्यात खोटे काही नाही, कारण कधी होईल हे मी कुणालाच सांगितलेले नाही.

मान्यता मिळाल्यावर धुळीला साजेसे यंत्र आले. विलायती होते. राज्यकारभार मराठीत चालवायचा असल्याने त्याला 'धूलिशोषक' म्हणायचे ठरले. पोटाशी लोखंडी पिंप, आत दणकट मोटर, पुढे हत्तीसारखी सोंड. यंत्राबरोबर एक पदही मंजूर झाले होते. धूलिशोषक चालक, कायम, पेन्शनसह. अट एकच होती, चालकाने यंत्र स्वतः उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावे.

पद वाचून दाखवल्यावर हुस्नाबीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने पदर खोचला आणि कडी धरून जोर लावला. यंत्र जागचे हलले नाही.

"मले हे उचलल्या जात नाही, साहेब," ती धापा टाकत म्हणाली. "म्हशीचं पारडू असतं त वढत तरी नेलं असतं."

यंत्राच्या ताकदीबद्दल मात्र तक्रारीला जागा नव्हती. चालू करताच त्याने जमिनीवरची धूळ ओढली, धुळीखालचा सिमेंटचा पोपडा ओढला आणि शेजारी उभ्या असलेल्या खानसामा रामधनचा पायजमा गुडघ्यापर्यंत आत घेतला. रामधनने पायजमा सोडून दिला, म्हणून रामधन वाचला.

आमचे डेप्युटी साहेब न्यायी गृहस्थ. "बाईवर अन्याय होता कामा नये," ते म्हणाले. "यंत्राचे वजन कमी करा. शक्ती मात्र तेवढीच राहिली पाहिजे." याला आमच्याकडे धोरण म्हणतात. कोणीतरी चाके लावायचे सुचवले, पण चाकांनी वजन वाढले असते, म्हणून ते फेटाळले गेले. एक समिती नेमली गेली आणि तिच्यावर जिनिंगवाले बाबाराव यांना घेतले गेले, कारण वजनाच्या बाबतीत वणीच्या कापूस बाजारात त्यांच्यापुढे कोणाचे चालत नसे.

पहिले यश मला मिळाले, हे नम्रपणे नमूद करतो. तेव्हा शेर जाऊन किलो येत होते. यंत्र तीस शेर भरले होते. मी ते नव्या मापात मांडले, तर अठ्ठावीस आले. काहीही न काढता दोनाची घट झाली. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

मग बाबारावांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. शेतकऱ्याच्या कापसाकडे पाहतात तसेच डोळे बारीक केले. कापसात ओल आणि कचरा असतो म्हणून व्यापारी वजनातून काही भाग कापून घेतात, त्याला कडता म्हणतात. बाबारावांनी यंत्राला कडता लावला. आतल्या धुळीचा वेगळा, गंजाचा वेगळा, आणि "हवेतली ओल लोखंडाले लागतेच" म्हणून तिसरा. वजन निम्म्यावर आले. सर्वांनी सह्या केल्या आणि हुस्नाबीला बोलावले.

"आता उचल," साहेब म्हणाले. "निम्मे झाले आहे."

तिने जोर लावला. "साहेब, हे त तितकंच हाय."

"समितीचा निष्कर्ष आहे, बाई."

"मंग समितीलेच उचलू द्या नं."

हे उत्तर उद्धट होते. पण पद रिकामे राहिले तर वर्षअखेर ते परत जाते आणि पद परत जाणे ही खात्याची नामुष्की असते. म्हणून हाफिज मिस्त्रीला बोलावले. त्याने यंत्र उघडले, मोटर पाहिली आणि फार प्रेमाने पाहिली. "सगळा बोजा हिचाच हाय, साहेब. कायले ठेवता?" त्याने मोटर काढून नेली आणि तिच्या जागी पंख्याची एक जुनी मोटर बसवली. त्याच महिन्यात त्याच्या पिठाच्या गिरणीचा आवाज फार सुधारला. लोखंडी पिंप जाऊन वनस्पती तुपाचा डबा आला, त्याला हिरवा रंग दिला. सोंड आखूड झाली.

आता हुस्नाबीने यंत्र दोन बोटांवर उचलले. तिला इतके हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. मग तिने ते चालू केले. ते गुणगुणले. धूळ होती तिथेच राहिली.

"वढून नाही राह्यलं, साहेब."

"आवाज येते नं?" हाफिज म्हणाला. "मंग चालू हाय."

तपासणीला नागपूरहून मोठे साहेब येणार होते. यंत्र जड ठेवावे तर चालक मिळत नाही, हलके करावे तर धूळ निघत नाही. या पेचातून बाबारावांनी मार्ग काढला. धूळ निघायला हवी एवढेच तपासणीच्या आदेशात होते. कुठली, ते लिहिले नव्हते. हलक्या यंत्राला हलकी धूळ द्यावी. त्यांनी जिनिंगमधून कापसाचे उडते तंतू पोतेभर पाठवले. मात्र ते पसरायला आधी जमीन स्वच्छ हवी होती. म्हणून पहाटेपासून हुस्नाबी झाडू घेऊन बसली. खोल्या झाडल्या, गुडघ्यांवर बसून फरशा पुसल्या, खिडक्या पुसल्या. तिचे हात काळे झाले, ते घासून धुतले, मग डबा खांद्याला लावून दाराशी उभी राहिली.

मोठे साहेब आले. यंत्र गुणगुणले, तंतू आत गेले. मोठे साहेब खिडकीच्या फळीवरून बोट फिरवून पाहत राहिले. बोट स्वच्छ होते. मग त्यांनी यंत्र हातात घेतले, खालीवर केले.

"वजन काहीच नाही."

"समितीचे परिश्रम आहेत, सर," डेप्युटी साहेब म्हणाले.

"मग हे उचलायला स्वतंत्र माणूस कशाला? खानसामा चहा देता देता करील. पद रद्द करा." जिन्याशी झाडू दिसला, तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या. "आणि यंत्र असताना ही रोजंदारी काहून चालू आहे?" मोठे साहेब मूळचे आपल्याच भागातले. रागावले की त्यांची बोली परत येई.

हुस्नाबी पुढे झाली. "साहेब, मले उचलता येते आता. पाहा नं." तिने यंत्र उचलून दाखवले. तोवर मोठे साहेब गाडीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "बाबू, भारी होतं तवा मी चालत नव्हती. हलकं झालं त मी लागत नाही. मंग मी कवा लागत होती?"

मला वाईट वाटले, हे सांगायला हरकत नाही. पण उत्तर देण्याचा अधिकार माझ्या पातळीवर नाही. मी म्हणालो, "होऊन जाईल."

रामधन अजून यंत्राजवळ जात नाही, त्याला पायजमा आठवतो. त्यामुळे विश्रामगृहात धूळ आहे, पण ती आता पुन्हा खासगी आहे. तुम्ही मागच्या महिन्यात एक रात्र उतरला होता. फाटकाशी झाडू घेऊन उभी असलेली बाई तुम्हाला म्हणाली, "साहेब, खोली झाडून देऊ? द्यायचं ते द्या." तुम्ही चांगल्या घरचे, सुधारलेले. हसून म्हणालात, "नको, आता यंत्र आहे." आत गेल्यावर ते एका हाताने उचलून पाहिलेत आणि बायकोलाही उचलायला दिलेत. सकाळी टॉवेल काळा निघाला, तो धोब्याचा दोष धरून तुम्ही सोडून दिलात. फक्त जाताना एवढेच सांगितलेत की फाटकाशी एक बाई पाहुण्यांना त्रास देते.

खात्याने तुमच्या तक्रारीची दखल घेतली आहे. तिला फाटकापासून दूर ठेवायला चौकीदाराचे पद मंजूर झाले आहे. कायम, पेन्शनसह.