वसंतमामांनी घर हलवलं

वसंतमामा कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. दारात उभं राहून एकदा सगळीकडे नजर फिरवतात आणि काल जिथं होतं तिथं आज काय नाही, ते जाहीर करतात. "क्यालेंडर सरकलंय." "ह्यो तांब्या हितला न्हवं." एकदा आमच्या गल्लीतल्या नव्या सुनेनं दिवाळीला हौसेनं पुढची खोली फिरवून मांडली. मामा फराळाला आले, उंबऱ्यातच थबकले, "दुसऱ्याच्यात आलो वाटतं" म्हणाले आणि चकलीला हात न लावता परत गेले. ती बिचारी महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हती. मामांना त्याचा पत्ताही नव्हता. सोफा परत जागेवर आला का, एवढीच चौकशी ते तिच्या सासूकडे करत होते.

यात त्यांचा फारसा दोष नाही. मामांचा जन्म कोल्हापुरातल्या एका फिल्म स्टुडिओत सेट लावण्यात गेला. आज अर्धा सीन व्हायचा, मध्ये आठ दिवस दुसऱ्या पिक्चरचं काम, आणि उरलेला अर्धा सीन नवव्या दिवशी. तोवर पाटलाची ओसरी मोडून तिथं कोर्ट उभं राहिलेलं असायचं. मग कोर्ट मोडून ती ओसरी पुन्हा जशीच्या तशी, खुंटीवरच्या पटक्याच्या घड्यांसकट, मामा उभी करायचे. हत्यारं दोनच, खडू आणि हाताचा पंजा. टेप त्यांना अजूनही चालत नाही. "टेप दुसऱ्याच्या खिशात ऱ्हातोय, हात आपल्यासंगट येतोय," असं ते म्हणतात आणि वीत पसरून मोजायला लागतात.

त्यांनी लावलेल्या घरांत कितीतरी नटनट्यांचे संसार झाले. स्वतःचा तेवढा झाला नाही. विचारलं तर म्हणतात, "आउटडोरमधी वय गेलं." नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हेत, सगळ्या गल्लीचे मामा. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरासमोर एका खोलीत ते राहायचे, आणि रोज चार वाजता आमच्यात चहाला यायचे. आमच्यात म्हणजे आईकडे. मी पंचवीस वर्षं पुण्यात नोकरीला. महिन्यातून दोन दिवस येतो आणि त्या दोन दिवसांत महिन्याभराचं शहाणपण वाटून जातो. त्यामुळे मामा मला नावानं हाक मारत नाहीत. "काय पावणं, कवा आलासा?" असं विचारतात. मला ते झोंबतं, आणि झोंबतं हे त्यांना माहीत असतं.

मागच्या वर्षी मंगळवार पेठेतलं ते घर रिकामं करायची वेळ आली. चुलतभावांत वाटण्या झाल्या, जुनं पाडून तिथं अपार्टमेंट होणार असं ठरलं. माझं म्हणणं, आईनं आता पुण्याला यावं. आईचं म्हणणं, "मला माझ्या हातानं करून खाऊ दे. हुणार न्हाई त्या दिवशी ने." तिला पुण्यात आठ दिवसांवर करमत नाही. आमच्या सोसायटीत एकमेकांकडे जाताना आधी फोन करतात, हे तिला अजून पटलेलं नाही. शेवटी तह झाला. कळंब्याच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर मी फ्लॅट घेतला. तिथं आईनं महिनाभर एकटीनं राहून दाखवायचं, सोबतीला बाई न ठेवता. जमलं तर कोल्हापूर, नाहीतर पुणे. मी हे अगदी समजूतदारपणे बोललो होतो. आई मात्र त्या दिवसापासून परीक्षेला बसल्यासारखी गप्प झाली.

सामान हलवायला माणसं बघायची, एवढंच काम मी मामांवर सोपवलं. तिथं माझी चूक झाली.

पहिला आला तो एका मोठ्या कंपनीचा माणूस. पायात चकचकीत बूट, हातात मोबाइल. सगळ्या घराचं त्यानं चालत चालत चित्रीकरण केलं. तो निघणार तोच मामांनी त्याला स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरा उभा केला.

"डोळं मिटा."

त्यानं बिचाऱ्यानं मिटले.

"मिठाच्या बरणीशेजारी काय हाय?"

"काय?"

"कांदा-लसणीच्या चटणीची बरणी. आनी तिच्या मागं?"

त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "सर, बरण्यांमधलं मीठ-मसाला आम्ही नेत नाही. ते कस्टमरनं आपल्या गाडीतून न्यायचं."

तो जिना उतरायच्या आत मामांनी निकाल दिला. "घरात काय कुटं हाय ह्येचा पत्ता न्हाई, आनी घर हलवाय निघालाय. ह्यो नुसती खोकी हलवंल."

दुसऱ्यानं येतानाच नमुन्याचा खोका आणला होता. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी लागणार, किचन एक, किचन दोन, असं त्यानं समजावलं. मला ते फार आवडलं.

"आनी त्यातनं काढून लावायचं कुणी?" मामांनी विचारलं.

"ते कस्टमर बघतो ना."

"कस्टमर बघतो," मामा सावकाश म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ऐकलासा न्हवं?"

मी ऐकलं होतं, पण त्यात एवढं दुखावण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. जाताना तो गृहस्थ माझ्या कानात म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्यांना जरा आवरा." मी त्याला मनापासून सहानुभूती दाखवली.

तिसरा आला तो इरफान टेंपोवाला. चाळिशीचा, गुळाच्या ढेपा वाहून खांदे रुंद झालेला. मामांच्या परीक्षेची बातमी त्याला चहाच्या गाड्यावर आधीच लागली होती, कारण मामांनी काही सांगायच्या आत तो पाठ करून उभा राहिला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"मामा, मिठाचं मला म्हाईत न्हाई," तो तसाच बोलला. "पण तुमी हात लावशीला तितं मी ठेवणार. दोन बोटं हिकडं न्हाई की तिकडं न्हाई."

"उगड डोळं," मामा म्हणाले. "तू चालशील."

पुढचे आठ दिवस मामांनी आमच्या स्वयंपाकघरात तालीम केली. पंच्याहत्तरीचा माणूस गुडघ्यांवर रांगत विती मोजतोय, कट्ट्याच्या कडेपासून मांडणीपर्यंत, मांडणीपासून माठापर्यंत, आणि आकडे खडूनं दारामागं लिहितोय. शनिवारी मी पोचलो तेव्हा आई भिंतीपाशी उभी होती आणि मामा तिला सांगत होते, "वयनी, हात वर करा. साखर घेताय असा." आईनं हात उचलला. तिचा पंजा टेकला तिथं मामांनी भिंतीवर फुली मारली.

"आईला हिरॉईन केलंत की काय?" मी म्हणालो. एरवी आई असल्या थट्टेला खुदकन हसते. त्या दिवशी हसली नाही.

नव्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर सुजातानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हौसेनं करून घेतलं होतं. आत सरकणाऱ्या ट्रॉल्या, आवाज न करता मिटणारी दारं, आकाशी रंग. झाडून-पुसून घ्यायला म्हणून मी किल्ली मामांकडे दिली आणि निवांत झालो.

सामान हलवायच्या दिवशी दुपारी आईला खाली गाडीत बसवून फ्लॅटवर जाऊन बघतो तर तिन्ही ट्रॉल्या निघून बाल्कनीत एकावर एक रचलेल्या. कट्ट्याखालचा भाग उघडाबोडका. वर आकाशी कपाटाच्या जागी भिंतीत दोन साध्या फळ्या ठोकलेल्या आणि फरशीभर खडूच्या फुल्या. मामा मधोमध उभे राहून इरफानला सांगत होते, "आजऱ्याच्या तांदळाचा डबा हितं. झाकणाची कडी भिंतीकडं."

माझा तोल गेला. सुजाताला काय सांगायचं, हे सगळं कुणाला विचारून केलं, असं बरंच बोललो. आणि शेवटी म्हणालो, "मामा, हे घर आहे, तुमचा सेट नव्हे. तुम्हाला स्वतःचं घर कधी मांडायला मिळालं नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरात हौस फेडताय!"

बोलून गेल्यावर जीभ चावली. पण शब्द गेलाच होता. इरफान हातातला डबा तसाच धरून भिंतीकडे बघत राहिला.

मामांनी खडू खिशात टाकला. "सामान लागूस्तवर गप बसा, पावणं," एवढंच म्हणाले. "मग काय बोलायचं ते बोला."

मी खाली जाऊन गाडीत आईशेजारी बसलो. टेंपोच्या खेपा झाल्या. दोन वाजले, तीन वाजले. चारच्या सुमाराला मामा स्वतः खाली आले, आईचा हात धरून तिला वर घेऊन गेले, मागोमाग मी, आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी तिचा हात सोडला. फुल्या तोवर ओल्या फडक्यानं पुसून टाकल्या होत्या.

"वयनी, च्या ठिवा," ते म्हणाले.

आई क्षणभर उभी राहिली. तिनं उजवा हात पुढं केला, तो आमच्या जुन्या फडताळाच्या कडेला लागला. मग ती चालायला लागली. चार पावलं, आणि कट्टा. डावीकडे हात, पातेलं. वर हात, चहाचा डबा. त्याच्या पलीकडे साखर. एकदाही चाचपडली नाही. एखादी बाई जन्मभर त्याच घरात राहिली असावी, अशी ती त्या कोऱ्या स्वयंपाकघरात वावरत होती. मी रागातच बघत होतो, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की आई हाताकडे बघतच नव्हती. तिची नजर समोरच्या भिंतीवर होती. चहा गाळताना तिनं डाव्या हाताचं बोट कपाच्या कडेवर आतल्या बाजूला धरलं, आणि चहा बोटाला लागल्यावर गाळणं उचललं.

हे बोट मी वर्षभर बघत होतो. म्हातारपणाची सवय असेल, असं समजत होतो.

मी मामांना बाल्कनीत नेलं. ट्रॉल्यांमुळे तिथं उभं राहायला धड जागा नव्हती.

"कधीपासून?"

"दीड वरीस झालं. काचबिंदू हाय. आता मधलं जरासं दिसतंय, त्ये बी धुरकट. गेलंय ते माघारी येत न्हाई म्हणालाय डाक्टर. औषध घालायचं आनी उरलंय तेवढं राखायचं."

"तुम्हाला तिनं सांगितलं?"

"न्हाई. एकदा कप धुऊन ठेवताना माझ्याच हातनं चुकलं. साखरंच्या जागंला मिठाची बरणी ठेवली. जन्मात पयल्यांदा. दुसऱ्या दिवशी च्या खारट. मी प्यालो. वयनी बी प्याल्या. दोगं बी काय बोललो न्हाई. मग मी उठून बरण्या जागंवर ठेवल्या, तवा त्या रडल्या."

आईचं दर महिन्याला जोतिबाच्या डोंगरावर जाणं मला आठवलं. फोनवर मी तिला चिडवायचो, देवभोळी झालीस म्हणून.

"डाक्टरकडं न्यायचो," मामा म्हणाले. "येताना डोंगराकडं तोंड करून हात जोडायचो. म्हंजे अगदीच खोटं नको."

"मला सांगायचं होतं, मामा."

"तुमी पुण्याला घिऊन गेला असतासा."

गेलो असतो. त्याच दिवशी गेलो असतो, आणि आपण फार चांगला मुलगा आहोत असं समजलो असतो. दर महिन्याला दोन दिवस मी आईसमोर बसत होतो, जेवत होतो, तिला मोबाइलवरचे फोटो दाखवत होतो. ती "छान हाय" म्हणायची. मला माझी इतकी लाज वाटली की मामांकडे बघवेना. आईचा महिना सुरू व्हायच्या आधीच या माणसानं तिला पास करून ठेवलं होतं, आणि मी त्याला त्याच्या नसलेल्या घरावरून बोललो होतो.

"मघाशी जे बोललो..."

"त्येचं काय एवढं! डायरेक्टर लोक ह्येच्या दुप्पट बोलायचे."

"महिन्याचं आता काही नाही, मामा. आई इथंच राहील. डॉक्टरकडे मी नेईन. तुम्ही फक्त रोज चहाला येत जा. कळंब्याची बस आहे."

"मी कशाला?" मामा हसले. "आपलं काम सेट लावून द्यायचं. शूटिंग चालू झालं की आमाला आत सोडत न्हवते. आनी गुडगं बी बसमधी चढू देत न्हाईत." आणि ते उगाचच एका ट्रॉलीचा कोपरा सरळ करत राहिले.

तेवढ्यात आतून कपबशीचा आवाज आला. आई कट्ट्यापासून निघाली होती. हातात भरलेला कप, पाच पावलं, आणि दाराजवळच्या मोकळ्या कोपऱ्याशी येऊन ती थांबली. तिथं काहीच नव्हतं. जुन्या घरी त्या जागी एक लाकडी स्टूल असायचं आणि त्यावर मामा बसायचे. सगळं घर विती मोजून मांडणाऱ्या माणसानं तेवढी एक वस्तू वर आणली नव्हती. आईनं कप त्या रिकाम्या जागेपुढं धरला.

"घ्या भावजी," ती म्हणाली.

मी हललोच नाही. मामा हलले. गुडघे दुखणारा तो माणूस तीन ढांगांत आत गेला, आवाज न करता त्या कोपऱ्यात फरशीवर बसला आणि दोन्ही हात वर करून त्यानं कप घेतला.

"निवला न्हाई न्हवं?" आईनं विचारलं.

"न्हाई वयनी. ऊन हाय," मामा म्हणाले.

मी जिना उतरून खाली गेलो. स्टूल टेंपोत एकटंच उरलं होतं.

"ते वर घे," मी इरफानला म्हणालो.

"मामा नको म्हणाल्यात. त्यांच्या खोलीवर टाकाय सांगितलंय."

"आईनं मागितलंय."

आईनं काही मागितलं नव्हतं. पण उद्या चार वाजता ती पुन्हा कप घेऊन त्याच कोपऱ्यापाशी येऊन उभी राहणार होती. इरफान स्टुलाला हात घालणार तोच मी ते उचललं आणि स्वतः वर घेऊन गेलो.